अर्ध्या मिनिटाची गैरहजेरी

सकाळी तिचा नवरा बोलता बोलता थांबला, एवढंच झालं होतं. कामावर निघण्यापूर्वी उभ्या उभ्या चहा प्यायची त्याची जुनी खोड. एका हातात कप, दुसऱ्या हाताने ड्रायव्हरच्या खाकी शर्टाची बटणं लावणं, आणि तोंडाने डेपोतल्या गमतीजमती. आज नव्या मॅनेजरची पाळी होती. "गियरमधून आवाज येतो म्हटलं तर म्हणतो, आवाज माझ्या घरीही येतो, म्हणून मी बायको बदलून मागतो का? मी म्हटलं, साहेब, तुमची बायको निदान..." आणि तो गप्प झाला. हसू दाबत असेल असं समजून ती डब्याचं झाकण लावत राहिली. हसू काही येईना तेव्हा तिने वर पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते, खिडकीकडे वळलेले होते, पण खिडकीकडे पाहत नव्हते. तोंडात काही नसताना ओठ चाटल्यासारखे, गिळल्यासारखे हलत होते. बटणावरची बोटं तेच एक बटण काजात घालत होती, काढत होती, पुन्हा घालत होती. दुसऱ्या हातातला कप मात्र सरळ होता, थेंबही सांडला नव्हता. "अहो," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "अहो." चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. खाली रस्त्यावर कुणाचं तरी शटर वर गेलं, त्याचा आवाज अख्ख्या घरात भरून राहिला. मग त्याने एक घोट घेतला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "थंड झाला की गं."

"काय सांगत होतात?" तिने विचारलं.

"कुठे काय?"

"मॅनेजरचं."

"त्याचं काय?" क्षणभर तो तिच्याकडे असा पाहत राहिला की जणू या घरात नुकताच आलाय. मग हसला, राहिलेली बटणं लावली, पिशवी खांद्याला अडकवली. "दुपारी तुझ्याच बाजूला येतोय मी आज. वेळेवर सुटलीस तर ये. मालकीणबाईंना सीट धरून ठेवतो." आणि जिना उतरून गेला, नेहमीसारखा दोन-दोन पायऱ्या एकदम टाकत.

दुसरी एखादी बाई असती तर लक्ष कुठंय तुमचं, म्हणाली असती आणि विसरून गेली असती. तिला ते विसरता येण्यासारखं नव्हतं. हे नेमकं कसं दिसतं ते खेड्यापाड्यांतल्या आरोग्यसेविकांना शिकवणं हेच तिचं काम होतं. पूर्वी ती मोठ्या इस्पितळात मेंदूच्या वॉर्डात सिस्टर होती. तिथल्या वयस्क डॉक्टरांनी तिला या कामाला लावलं, कारण मेंदूचे डॉक्टर सगळे शहरात दाटीवाटीने बसलेले, आणि फिट येणारी, लकवा मारलेली, हात थरथरणारी माणसं मात्र रस्ता संपतो त्याच्याही पलीकडे राहणारी. गावातल्या बायकांनाच ओळखायला शिकवा, डॉक्टर म्हणाले होते, त्या घराघरांत जातात, आपण कुठे जातो. तेव्हापासून ती शिकवत होती. जमिनीवर पडून हातपाय झाडण्यालाच लोक फिट म्हणतात, पण एक फिट अशीही असते की माणूस पडत नाही, ओरडत नाही, नुसता निघून जातो. अर्ध्या मिनिटासाठी, कधी त्याहून जास्त. शरीर मागे ठेवून. हे वाक्य तिचं स्वतःचं होतं आणि तिला ते आवडायचं. आता रिकाम्या स्वयंपाकघरात उभी असताना ते तिच्याच अंगावर आलं. ती खिडकीशी गेली. तो रस्ता ओलांडून पलीकडे पोचला होता, पानवाल्याला हात करत होता. एक हाक मारली असती तर त्याने वर पाहिलं असतं. तिने खिडकीची चौकट घट्ट धरली. काय सांगायचं होतं, आणि भर रस्त्यात, वरून ओरडून? एकदा झालं म्हणजे तेच असेल असं थोडंच आहे, ती स्वतःशी म्हणाली, आणि म्हणतानाच तिला ऐकू आलं की हे तंतोतंत पेशंटच्या नातेवाइकांचं बोलणं आहे. तो कोपऱ्यावरून वळला. डेपो तिथून हाकेच्या अंतरावर होता.

गावाकडे जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली, आणि ते वाईटच झालं, कारण बाहेर बघत बसलं की आतलंच दिसत होतं. एकदाच कुठे झालं होतं? गेल्या काही दिवसांपासून त्याला घरात रबर जळल्याचा वास यायचा. त्याने फ्रीज ओढून मागे पाहिलं, सगळे प्लग हुंगले, शेवटी वायरमनला बोलावलं. वायरमन म्हणाला, वायरिंग ठणठणीत आहे, नाक दाखवून घ्या. तिघेही हसले होते. मग त्याच्या गाडीवरचा किडमिडीत कंडक्टर जेवायला आला होता, त्याने ताटावर बसल्या बसल्या सांगितलं, "वहिनी, यांना आवरा. काल एक थांबा तसाच मागे टाकला. मी घंटीवर घंटी मारतोय, एक म्हातारी काठी आपटतेय, आणि साहेब महाराजासारखे सरळ चाललेत." नवरा म्हणाला होता, विचारात होतो. कसल्या, तर तुझ्या उधारीच्या, आणि पुन्हा सगळे हसले होते, तीसुद्धा. तिनेच कंडक्टरला आणखी वाढलं होतं. सरळ चाललेत. रस्ता सरळ होता म्हणून. ती बसली होती त्या गाडीचा ड्रायव्हर कुणी भलताच, तरुण, मानेवर घामोळं आलेला, पण ती त्याच्याच मानेकडे टक लावून पाहत राहिली. मान कधी डावीकडे वळते, कधी उजवीकडे, आणि वळेनाशी झाली तर किती वेळाने कुणाच्या लक्षात येईल. मागच्या बाकावर कॉलेजची मुलं दंगा करत होती. पुढे एक बाई मांडीवर लेकरू घेऊन पेंगत होती. सगळ्यांनी आपले जीव एका मानेच्या हवाली करून टाकले होते आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. आणि कशामुळे होत असेल हे? या वयात पहिल्यांदा. वॉर्डात तिने फोटो पाहिले होते, उजेडाच्या पेटीवर लावलेले. राखाडी मेंदूत एक पांढरा ठिपका, लिंबाएवढा, कधी नुसता कणाएवढा. कधी जुनी जखम असते, कधी जंतूची गाठ, औषधाने विरघळणारी. कधी विरघळत नाही. सहा नंबरच्या खाटेवर एक शिक्षक होते. त्यांना फिट येण्याआधी वास येत असे, तिथे नसलेल्या फुलांचा. त्यांचं पुढे काय झालं ते आठवायचं नाही असं तिने ठरवलं, आणि तेच आठवत राहिली.

आरोग्यकेंद्राच्या मागच्या खोलीत बायका जमल्या होत्या. बाक भिंतीला सरकवून मधली जमीन मोकळी केली होती, कारण सिस्टर आल्या की जमिनीवर लोळतात हे सगळ्यांना माहीत झालं होतं. नेहमीप्रमाणे ती आडवी झाली, हातपाय झाडले, आणि बायकांनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली घडी केलेली शाल सरकवली, तोंडात चमचा घालू पाहणारीला बाकीच्यांनी हसत मागे ओढलं. इथपर्यंत ठीक चाललं. लोळताना तर तिला बरंच वाटलं. थंड फरशीला गाल लावून डोळे मिटता आले. मग न पडणाऱ्या फिटची पाळी आली. ही नक्कल तिची हातखंडा होती. ती एखाद्या बाईशी सहज बोलायला लागायची, पोराबाळांची चौकशी करायची आणि मध्येच निघून जायची. बायकांना ओळखायला वेळ लागायचा आणि मग हशा पिकायचा. आजही तिने एका बाईला विचारलं, काय गं, मुलगी माहेरी आली का, आणि थांबली. डोळे खिडकीकडे गेले. ओठ हलू लागले. हात आपसूक वर आला, छातीपाशी, आणि बोटं तिथे नसलेलं बटण नसलेल्या काजात घालू लागली. हे काही तिने ठरवलं नव्हतं. दरवेळी ती पदराशी चाळा करत असे. बोटं घालत होती, काढत होती. तिला वाटलं, आता थांबावं, पण थांबलं की बायकांकडे पाहावं लागेल. तो कुठे जात असेल त्या वेळात? तिथे काय असेल? हशा आला नाही.

"सिस्टर," कुणीतरी म्हणालं. "सिस्टर, बऱ्या आहात ना?"

ती भानावर आल्यासारखी झाली, हसली. "बघा, फसलात की नाही."

"लई खरं केलंत आज," सुईणबाई म्हणाल्या. त्या सगळ्यांत वडीलधाऱ्या होत्या. अर्ध्या तालुक्याला त्यांनी पहिली चापट मारून रडवलं होतं, असं त्या स्वतःच सांगायच्या. त्यांच्याशेजारी जाड चष्म्याची एक मुलगी बसायची, नवीनच लागलेली, प्रत्येक गोष्टीवर शंका विचारणारी. तिने हात वर केला. तिच्या वस्तीत एकजण होता, ट्रॅक्टर चालवायचा. त्याची बायको म्हणते, मधून मधून यांची तंद्री लागते. पण कुणाला सांगू नको म्हणते. "मग आम्ही काय करायचं, सिस्टर?"

"आधी वाहन बंद," ती म्हणाली. हे उत्तर तिच्या तोंडात तयारच असायचं. "गाडी, विहीर, चूल, उंच जागा. यापासून आधी दूर. तपासणी, औषध, ते मागून. औषधाने बहुतेकांचं थांबतं हेही सांगायचं, धीर द्यायचा."

"आणि बायको ऐकली नाही तर?"

"बायको घाबरलेली असते."

"हो, पण मग तिला वेळ द्यायचा का?"

सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या, उत्तर ऐकायला म्हणून नुसत्या, दुसरं त्यांच्या मनात काहीच नव्हतं. "नाही," ती म्हणाली. "वेळ नाही द्यायचा." आणि चहाची सुट्टी जाहीर करून बाहेर आली.

केंद्राच्या मागे पाण्याची टाकी होती. तिच्या सावलीत उभं राहून तिने त्याला फोन लावला. वाजत राहिला. गाडीवर असताना तो फोन डेपोतल्या कपाटात ठेवायचा, या बाबतीत तो भलता काटेकोर. मग तिने डेपोचा नंबर लावला. इतक्यांदा लावलेला नंबर, पण बोट दोनदा चुकलं. पलीकडून कंटाळलेला आवाज आला, "डेपो." वाक्य तिने जुळवून ठेवलं होतं. माझ्या मिस्टरांना गाडीवरून उतरवा, त्यांना फिट येते. साधं वाक्य. असं वाक्य कुणी बोललं की त्या माणसाला ती तिथल्या तिथे खुर्ची द्यायची, पाणी द्यायची. पण तिला दिसला तो तोच, सगळ्या ड्रायव्हरांच्या देखत खाली उतरणारा. फिटचा पेशंट. मॅनेजर त्याच्याकडे बघतोय, ज्याची त्याने सकाळीच नक्कल केली होती. गाडी हेच त्याचं सगळं. लग्नाच्या बोलणीच्या वेळी त्याने तिला काय विचारलं होतं, तर गाडी लागते का तुम्हाला. "डेपो. बोला," आवाज म्हणाला. "दुपारची गाडी," ती म्हणाली, "आरोग्यकेंद्राकडे येणारी. वेळेवर आहे का?" "वेळेवरच सुटलीय, बाई." आणि फोन ठेवला गेला. ती टाकीला टेकून उभी राहिली. सुटलीय. आता सांगून तरी काय उपयोग होता, असं वाटून तिला क्षणभर हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

पुढचा वर्ग तिने कसा घेतला कुणास ठाऊक. लकव्याचं शिकवलं, तोंड वाकडं होतं का बघा, हात वर राहतो का बघा. कान मात्र रस्त्याकडे लागलेले. दुपारी थांब्यावर तिच्यासोबत सुईणबाई आणि चष्मेवाली होत्या, दोघींना पुढच्या गावाला उतरायचं होतं. लांबून गाडी दिसली तेव्हा तिचे डोळे भरून आले, धड आली म्हणून. गाडी अगदी अलगद येऊन उभी राहिली. तो नेहमीच तशी आणायचा, उभ्या माणसाला हिसका बसता कामा नये. दार उघडलं आणि वर तो हसत होता, हात कोपरापर्यंत उन्हाने रापलेले, कपाळावर टोपीचा वळ. इतका धडधाकट माणूस. आता सांगायचं, खाली उभं असतानाच, तिने ठरवलं. "चला मालकीणबाई, लोक खोळंबलेत," तो म्हणाला, कंडक्टर मागून "वहिनींना तिकीट नाही" म्हणून ओरडला, सुईणबाईंनी तिला पाठीमागून हलकेच ढकललं, आणि ती आत होती. ड्रायव्हरच्या मागची जागा त्याने खरंच आपली पिशवी टाकून धरून ठेवली होती.

मी इथे आहे, ती स्वतःला सांगत होती, मी बघतेय, मी असताना काही होणार नाही. याला काही अर्थ नव्हता हे तिला कळत होतं. वरच्या आरशात त्याचे डोळे आणि नाकाचा शेंडा दिसायचा, ओठ दिसत नव्हते. म्हणून ती मान लांब करकरून बाजूचा आरसा बघत होती, त्यात ओठ दिसायचे, पण थरथरणारे, काचच थरथरत होती. आता हलले का? नाही, शीळ घालतोय. रस्ता कालव्याच्या कडेकडेने जायला लागला. पाणी वरपर्यंत भरलेलं, तपकिरी, कठडा कुठे होता कुठे नव्हता. पुढे उतार होता आणि उताराच्या तळाशी पुलाकडे जाणारं वळण. मागे कुणीतरी जोरात हसत होतं. चष्मेवाली सुईणबाईंना अजून ट्रॅक्टरवाल्याचंच विचारत होती. शीळ थांबली.

"अगं," आरशातले डोळे तिच्याकडे वळले. "रबर जळल्याचा वास येतोय का तुला?"

तिने श्वास घेतला. डिझेल, धूळ, ओल्या कालव्याचा वास. बाकी काही नाही.

"गाडी थांबवा."

"इथे? थांबा नाहीये."

"मला ओकारी येतेय. आत्ता थांबवा."

सगळ्या नोकरीत तो एकाच गोष्टीला टरकायचा, गाडीत ओकणाऱ्या प्रवाशाला. त्याने लगेच वेग कमी केला, गाडी कालव्यापासून लांबच्या कडेला घेतली, झाडाखाली उभी केली, हँडब्रेक ओढला. "उतर पटकन, इंजिन चालूच..." तो म्हणाला, दार उघडायच्या बटणाकडे हात नेला, आणि हात तिथेच राहिला. ती उठली होती. तिने त्याचा चेहरा पाहिला, तो समोरच्या काचेकडे होता आणि तिथे कुणी नव्हतं. ओठ हलत होते. दुसरा हात शर्टावर चढला. तिने वाकून चावी फिरवली. इंजिन बंद पडलं आणि गाडीत अशी शांतता झाली की कालव्याचं पाणी ऐकू यायला लागलं. चावी काढून तिने मुठीत धरली. "काय झालं, काय झालं," म्हणत लोक उठले. एक माणूस पुढे येऊन त्याचे खांदे धरू लागला, तशी सुईणबाई मध्ये घुसल्या, "हात नका लावू, बापा. बसा तिकडे." चष्मेवाली दोन्ही हात पसरून वाट अडवून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता पण ती हलली नाही. आणि ती स्वतः नवऱ्याशेजारी उकिडवी बसून हळू आवाजात बोलत राहिली, वर्गात सांगायची तसं, मी आहे, गाडी उभी आहे, काही घाई नाही, मी आहे. शिकवताना तिला हे बोलणं नेहमी थोडं पोकळ वाटायचं. आता त्याशिवाय तिच्याजवळ काहीच नव्हतं.

तो परत आला तो हळूहळू, एखाद्या घरात दिवे एकेक लागावेत तसा. आधी तिच्याकडे पाहिलं, मग सुईणबाईंकडे, मग मागे उभ्या असलेल्या सगळ्या माणसांकडे. "बरं वाटतंय का तुला?" त्याने तिला विचारलं. "ओकलीस?" कंडक्टर मागच्या दाराशी उभा होता, त्याच्या हातातली तिकिटांची पेटी नुसती लोंबत होती. नवऱ्याचा हात सवयीने चावीकडे गेला आणि रिकाम्या भोकावर फिरला. त्याने तिच्या मुठीकडे पाहिलं.

"चावी दे. लोक खोळंबलेत."

"नाही."

"अगं, काय चाललंय?"

तिने सांगितलं. हळूच, फक्त त्याला ऐकू जाईल इतकंच, पण गाडीत सगळ्यांनी श्वास रोखलेले, तेव्हा सगळ्यांना ऐकू गेलंच असणार. आत्ता काय झालं ते, वासाचं, राहून गेलेल्या थांब्याचं, चहाच्या कपाचं. तो ऐकत होता. चिडेल, हसण्यावारी नेईल, उठून चावी हिसकावेल, या सगळ्याची तिने मनाशी तयारी केली होती.

"म्हणजे सकाळीच कळलं होतं तुला," तो म्हणाला.

"हो."

त्याने मागे वळून पाहिलं. म्हातारी माणसं, बाजारचे लोक, शाळेच्या दप्तरावर डोकं टेकून इतका वेळ झोपूनच असलेली एक मुलगी. मग खिडकीतून पलीकडे, कालव्याच्या भरलेल्या पाण्याकडे. "आणि तू मला गाडीवर जाऊ दिलंस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला काहीतरी म्हणता आलं असतं.

कंडक्टरने डेपोला फोन केला, ड्रायव्हरची तब्येत बिघडलीय म्हणून. बदली ड्रायव्हर घेऊन दुसरी गाडी येईपर्यंत लोक झाडाखाली बसले. कुणीतरी त्याला पाणी दिलं, ते त्याने शहाण्यासारखं पिऊन टाकलं. सुईणबाई त्याच्याजवळ दगडावर टेकल्या आणि औषधाने थांबतं बहुतेकांचं, म्हणाल्या, तिनेच शिकवलेल्या शब्दांत. तो हो हो करत राहिला. ती थोडी दूर उभी होती, चावी अजून मुठीत, बोटांत वळ उमटलेले. उद्या इस्पितळ, फोटो, उजेडाची पेटी. भीती गेली नव्हती, नुसती तिची जागा बदलली होती. सकाळपासून ती मानेवर होती, आता समोर येऊन बसली होती.

दुसऱ्या गाडीत ते दोघं मधल्या बाकावर बसले. गाडी सुरू झाली तशी त्याने दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी असा प्रवाशाच्या जागी बसलेला पाहिला नव्हता.

"काय असेल गं?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"तू शिकवतेस ना?"

"मी ओळखायला शिकवते. त्याच्या पुढचं मलाही नाही कळत."

"बरं," तो म्हणाला. तिच्याकडे पाहिलं नाही, पण तिच्यापासून सरकलाही नाही. उतार लागला. नवा ड्रायव्हर घाईचा होता, गाडी वळणाकडे जरा जास्तच वेगाने निघाली, आणि तिला दिसलं की नवऱ्याचा उजवा पाय जमिनीवरच्या पत्र्यावर घट्ट दाबला गेलाय, टाचेपासून मांडीपर्यंत ताठ, तिथे नसलेला ब्रेक दाबत. तिने आपला पाय त्याच्या पायाशेजारी सरकवला, आणि तीही दाबू लागली.